परत आलेल्यांचं सुतक

मिहीर विराणी जिवंत आहे हे कळलं त्या रात्री अक्कांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. खोलीत आम्ही नऊ-दहा बायका-मुली होतो. कुणी टाळी वाजवली, कुणी पदर डोळ्यांना लावला. अक्का आत्यासमोर वाकल्या तेव्हा आत्याने मूठच उघडली नाही. ती उठली, चपला पायात सरकवल्या आणि जिना चढून घरी निघून गेली. मी तिच्या मागे. माझ्या मुठीतली साखर घामाने चिकट झाली होती. ती मी का कोण जाणे, खाल्लीही नाही आणि टाकलीही नाही.

साल २००१. मी दहावीत होते. सोलापुरात साखर पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आम्ही वर राहायचो, आई-बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. खाली अक्का. अक्का पद्मशाली, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. पूर्व भागातल्या हजारो बायकांसारख्या त्याही विड्या वळायच्या. भिशीच्या पैशांतून त्यांनी रंगीत टीव्ही घेतला आणि केबल जोडून घेतली, तेव्हापासून रात्री साडेदहाला त्यांची खोली भरायची. मिहीर ज्या मालिकेचा नायक, ती 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू होऊन सहा-सात महिने झाले होते. कुणाच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं. डोळे मिहीरच्या बायकोवर, तुलसीवर, आणि बोटं पानावर. पानात तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं सुपाकडे न बघता. हजार विड्या झाल्याशिवाय दिवस संपायचा नाही, आणि मालिका नसती तर त्या शेवटच्या दोनशे-अडीचशे विड्या फार जड गेल्या असत्या, असं अक्काच म्हणायच्या. तो तंबाखूचा तिखट वास आजही कुठे आला की मला विराणींचा तो मोठा दिवाणखाना आठवतो.

आत्या विड्या वळत नसे. ती खाली जाऊन भिंतीला टेकून बसायची, तेवढंच तिचं घराबाहेर पडणं. तिचे यजमान, आमचे काका, मिलमध्ये साचेखात्यात होते. मिल बंद पडली आणि दोन वर्षांनी, १९९५ साली, तीन दिवसांच्या तापात ते गेले. त्या दिवशी मी नऊ वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की सगळं घर रडत होतं आणि आत्या स्वयंपाकघरात डबे पुसत होती. बायका तिला रडवायचा प्रयत्न करत होत्या. "रड बाई, मोकळी हो," असं कुणी ना कुणी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होतं. ती मान हलवायची आणि पुढचा डबा घ्यायची. दहावा झाला, बारावा झाला, तेरावा झाला. डोळ्यांतून टिपूस नाही. नंतर ती आमच्याकडे राहायला आली आणि घरात त्या विषयावर कुणी बोलेनासं झालं.

मग सहा वर्षांनी मिहीर मेला. त्या रात्री खोलीत सगळ्याच रडत होत्या, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. भाग संपला, टीव्ही बंद झाला, सुपं बाजूला झाली आणि आवाज मात्र थांबेना. आत्या गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. तिचा तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. अक्कांनी सगळ्यांना हातानेच जायला सांगितलं, दार लोटलं आणि तिच्या शेजारी नुसत्या बसून राहिल्या. आई तिला न्यायला आली तेव्हा बारा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या जेवली नाही. आईने विचारलं नाही. संध्याकाळी आत्याने डोक्यावरून पाणी घेतलं, देवाला दिवा लावला आणि मग भाकरी खाल्ली.

इतकं सगळं झाल्यावर तो परत आला. साखर न घेता ती वर आली तेव्हा मला वाटलं, तिला बरं वाटत नसेल. मी पाणी दिलं. घोट घेऊन ती म्हणाली, "मेलेल्या माणसासाठी रडले होते गं मी. आता म्हणतात, तो मेलाच नव्हता. मग माझं रडणं कुठं गेलं?"

पंधराव्या वर्षी माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. खाली बायका आनंदाने कलकलत होत्या आणि मलाही मनातून तिथेच असायला हवं होतं. त्यानंतर आत्या ती मालिका बघायला पुन्हा गेली नाही.

मालिका लिहिणाऱ्यांची बाजूही मला समजून घ्यावीशी वाटली, आणि पुढे मी ती बरीच समजून घेतली. कादंबरीला शेवटचं पान असतं, नाटकाला पडदा. दैनंदिन मालिकेला उद्या असतो. हा प्रकार जन्मालाच आला अमेरिकेच्या रेडिओवर, १९३० च्या दशकात; दुपारी घरात असणाऱ्या बायकांनी रोज त्याच वेळी रेडिओ लावावा आणि मधल्या जाहिरातींतला साबण विकत घ्यावा म्हणून. साबणवाल्यांचा पैसा, म्हणून 'सोप'. जी गोष्ट संपणं कुणालाच परवडत नाही, त्या गोष्टीत मरण फार अवघड होऊन बसतं. नट करार संपवून जातो, सिनेमा मिळाला म्हणून जातो, चॅनेलशी पटत नाही म्हणून जातो. मग लेखकांपुढे दोनच वाटा. त्याच्या जागी दुसरा चेहरा आणायचा, नाहीतर माणूस मारायचा. मारला तर चार-सहा आठवडे घरोघरी चूल थंड, टीआरपी वर. आणि तोच आकडा पुढे खाली आला, की कुणीतरी म्हणतं, त्याला परत आणता येईल का?

मिहीरच्या बाबतीत तर आकड्यांची वाट बघावी लागली नाही. देशभरातून चॅनेलकडे पत्रांचा, फोनचा, ई-मेलचा पूर आला. अपघातात स्मृती गेलेला मिहीर मंदिरा नावाच्या डॉक्टरकडे आहे, अशी वाट काढून त्याला परत आणलं गेलं. पुढे अमर उपाध्याय ती भूमिका सोडून गेले, इंदर कुमार आले, मग रोनित रॉय आले. मिहीरचा चेहरा दोनदा बदलला तरी बायकांनी तो मान्य केला. मरण मात्र मान्य केलं नव्हतं. चेहऱ्यापेक्षा घरातली ती जागा रिकामी असणं जास्त सोसत नसावं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या 'डलास'चं आहे. टेक्सासमधलं तेलसम्राटांचं घराणं, त्यातला धाकटा, सज्जन मुलगा बॉबी यूइंग. पॅट्रिक डफी या नटाला बाहेर पडायचं होतं म्हणून मे १९८५ मध्ये बॉबीला मोटारीखाली मारलं. पलंगाभोवती सगळं घर जमलेलं, तो एकेकाशी बोलत जातो, अगदी रीतसर मरण. पुढचं वर्षभर मालिका त्याच्याशिवाय चालली आणि तिचा प्रेक्षक घटला. डफीला परत बोलावलं गेलं. पण प्रेक्षकांनी डोळ्यांनी मरताना पाहिलेला माणूस आणायचा कुठून? मे १९८६ मध्ये बॉबीची बायको पॅम सकाळी उठते, न्हाणीघराचं दार उघडते, आत बॉबी अंघोळ करतोय. ते मरण, त्यानंतरचं अख्खं वर्ष, त्या वर्षात झालेली लग्नं, भांडणं, ३१ भाग, सगळं पॅमला पडलेलं स्वप्न!

लोक या प्रसंगाला चाळीस वर्षं हसत आले आहेत. मला हसू येत नाही. मला त्या वर्षात रडलेल्या बायका दिसतात. त्यांना सांगितलं गेलं, की तुम्ही एका बाईच्या स्वप्नात रडत होता.

या गोष्टीचा एक दुसरा भाग आहे, तो मला फार उशिरा कळला. 'डलास'मधूनच 'नॉट्स लँडिंग' नावाची दुसरी मालिका निघाली होती. तिच्यात बॉबीचा भाऊ गॅरी राहायचा. बॉबी गेला तेव्हा तिकडेही ती बातमी पोचली, गॅरी खचला, जुळ्यांपैकी एका मुलाचं नाव बॉबी ठेवलं गेलं. वर्षभराने 'डलास'ने सगळं स्वप्न ठरवलं, तेव्हा 'नॉट्स लँडिंग'च्या लोकांपुढे प्रश्न आला. त्यांनी स्वप्न स्वीकारलं नाही. त्यांच्या गावात बॉबी मेलेलाच राहिला. मुलाचं नाव बॉबीच राहिलं. दोन सख्ख्या मालिकांचं त्यानंतर येणंजाणं तुटलं. त्या लेखकांना मी कधी भेटणार नाही, पण आत्याची बाजू घेणारी माणसं जगात कुठेतरी होती, असं मला ते वाचताना वाटलं.

मरणाचा आणखी एक अलिखित नियम आहे आणि तो आमच्या वाड्यातल्या बायकांना कुणी न शिकवता ठाऊक होता. प्रेत दाखवलं नाही, तर माणूस मेला नाही. दरीत गाडी कोसळली, नदीत उडी घेतली, गोदामाला आग लागली, अशा वेळी अक्का दोरा दातांनी तोडत म्हणायच्या, "मेला न्हाई गं तो. येलालाय परत, बघ तू." ऑस्ट्रेलियाच्या 'नेबर्स'मध्ये हॅरॉल्ड बिशप १९९१ साली समुद्राच्या लाटेत वाहून गेला आणि बायकोला खडकावर सापडला तो फक्त त्याचा चष्मा. अक्का तिथे असत्या तर त्यांनी चष्मा पाहूनच सांगितलं असतं. तो पाच वर्षांनी आला, स्मृती गेलेला.

अक्कांना हे इतकं खात्रीने का वाटायचं, हे वाड्यात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा थोरला मुलगा १९९७ मध्ये भिवंडीला मागावर गेला होता. इथे मिलचे भोंगे एकेक करून थांबत होते, पोरं भिवंडीला, सुरतेला जात होती. पहिल्या वर्षी त्याच्या तीन मनीऑर्डरी आल्या. नंतर काही नाही. भिवंडीहून येणाऱ्या प्रत्येकाला अक्का विचारायच्या. कुणी म्हणे दिसला होता, कुणी म्हणे दुसऱ्या कारखान्यात गेला. प्रेत दाखवलं नव्हतं. मिहीरच्या नावाने वाटलेली ती साखर कोणासाठी होती, हे मला दहावीत कळलं नाही आणि आत्याला मात्र त्याच क्षणी कळलं असणार. म्हणूनच ती काही न बोलता उठली. तिने काकांचं तोंड पाहिलं होतं, पाणी पाजलं होतं, पायांचे अंगठे बांधताना पाहिले होते. एकाच खोलीत एका भिंतीला टेकून दोघी बसायच्या, पण एकीकडे प्रेत होतं आणि एकीकडे नव्हतं.

इतिहासात अशी एक बाई आपल्याकडे होऊन गेली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. सदाशिवरावभाऊ पडले, पण नक्की पडले का, याबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांची पत्नी पार्वतीबाई लष्करासोबत होत्या, त्या जिवंत परतल्या आणि त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा तोतया उभा राहिला, कोकणात त्याच्यामागे माणसं गोळा झाली, आणि १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. या हकिगतीत लोक तोतयाचं धाडस सांगतात, नाना फडणिसांची हुशारी सांगतात. मला त्यात शनिवारवाड्यातली ती बाई दिसते. दारात कुणी आल्याची वार्ता आली, की तिच्या मनात काय होत असेल? १७८३ मध्ये त्या गेल्या, तेव्हा नवराबायको दोघांचे विधी एकत्र झाले. बावीस वर्षं एका माणसाचं मरण त्या बाईने दाराबाहेर थोपवून धरलं होतं.

अक्कांचा मुलगा परत आला. मालिकेत येतो तसा दिवाळीत नाही. ऐन उन्हाळ्यात, २००३ च्या मे महिन्यात, दुपारी अडीचला, जेव्हा सोलापुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. मी जिन्यात बसून अभ्यास करत होते. दारात एक काळवंडलेला, केस मागे गेलेला माणूस उभा राहिला आणि त्याने मलाच विचारलं, "आई हाय का?" अक्का विड्यांचा हिशोब करून नुकत्या आल्या होत्या. त्यांनी दार उघडलं. पार्श्वसंगीत नाही, तीनदा फिरणारा कॅमेरा नाही. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जेवलास का?"

तो चार दिवस राहिला. त्याचं भिवंडीत लग्न झालं होतं, एक मुलगी होती. इतकी वर्षं कळवलं का नाही, हे अक्कांनी विचारलं की नाही मला माहीत नाही. वर ऐकू यायचं ते तेलुगूत आणि फार हळू. त्याच्या झोपायच्या जागी आता धाकट्याचं शिलाई मशीन होतं. ते सरकवून त्याला चादर अंथरून दिली. रात्री साडेदहाला बायका सवयीने आल्या, त्याला बघून दारातच घोटाळल्या आणि परत गेल्या. चौथ्या दिवशी तो गेला. त्यानंतर दर महिन्याला फोन यायचा, वर्षातून एकदा तो यायचा. अक्का सुखी झाल्या का? मला वाटतं, त्या निवांत झाल्या. पण त्यांच्या खोलीतला एक उजेड कमी झाला, हेही मी पाहिलं. सहा वर्षं त्यांनी ज्याची वाट बघितली तो एकवीस वर्षांचा पोरगा होता. तो आलाच नाही. आला तो एक थकलेला संसारी माणूस. मालिकेत परत येणारा माणूस थेट जुन्या जागेवर येऊन बसतो, कारण लेखकाने त्याची जागा राखून ठेवलेली असते. घर कुणाची जागा राखत नाही, तिथे शिलाई मशीन येतं.

त्याला पोचवून अक्का वर आल्या आणि आत्याशेजारी बसल्या. आत्याने त्यांच्यासाठी चहा टाकला. दोघी काही बोलल्या नाहीत.

मेलेल्यांना परत आणण्याची गोष्ट आपल्याला टीव्हीने शिकवली नाही. वटपौर्णिमेला सोलापुरातला एकेक वड दोऱ्याने पांढरा होतो. पण सावित्रीच्या कथेत सत्यवान त्याच रात्री उठतो. सासूसासऱ्यांना कळायच्या आत, कुणी सुतक धरायच्या आत. त्यामुळे तिथे कुणाचं रडणं वाया जात नाही. आत्याच्या प्रश्नाला भिडणारी गोष्ट वेगळी आहे, महाभारताच्या आश्रमवासिक पर्वातली. चातुर्मासात आत्या पोथी ऐकायला जायची, तिथे तिने ती ऐकली आणि घरी येऊन मला सांगितली. युद्ध होऊन पंधरा वर्षं उलटून गेलेली. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात राहतात. दुःख जात नाही. व्यास येतात, गांधारी त्यांना मनातलं सांगते, आणि व्यास म्हणतात, रात्री गंगेवर या. अंधार पडल्यावर ते पाण्यात उतरून हाक देतात, आणि नदीतून सगळे वर येतात. दुर्योधन, दुःशासन, कर्ण, अभिमन्यू, घटोत्कच, द्रौपदीचे मुलगे. कुणाच्या मनात वैर नाही. आंधळ्या धृतराष्ट्राला त्या रात्रीपुरती दृष्टी मिळते, तो आपली मुलं बघतो. कर्ण भावांना भाऊ म्हणून भेटतो. रात्रभर माणसं आपापल्या माणसांजवळ बसतात. पहाट होते आणि सगळे पुन्हा पाण्यात जातात.

"व्यासांना काय, पाहिजे तर ठेवून घेतले असते," आत्या म्हणाली. "नाही ठेवले. तोंड दाखवलं आणि नेले."

मला यातली व्यासांची माया आणि शिस्त दोन्ही विलक्षण वाटतात. त्यांच्या हातात सगळं होतं. ते म्हणू शकले असते, की अठरा दिवसांचं ते युद्ध गांधारीला पडलेलं स्वप्न होतं. त्यांनी माणसं परत आणली, पण पंधरा वर्षांचं रडणं खोटं ठरवलं नाही. मालिकावाल्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. परत आणा, हवं त्याला आणा, आम्ही वाट बघत असतोच. पण जो गेला होता तो गेला होता, हे घरातल्या लोकांच्या तोंडावर दिसू द्या. बायकोने काढून ठेवलेलं मंगळसूत्र पुन्हा घालताना तिचा हात अडखळू द्या.

मराठीत हे कधी कधी फार चांगलं साधलं आहे. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मरणाने. लोकांना त्या मेलेल्या माणसाबद्दलच इतकं कुतूहल वाटलं, की २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो मागे जाऊन, अण्णा जिवंत असतानाचा. माधव अभ्यंकरांचे अण्णा घराघरात पोचले ते मेल्यानंतर तीन वर्षांनी. त्या मरणाला कुणी हात लावला नाही. हा माणूस कसा संपणार आहे ते ठाऊक असूनच आपण त्याला बघत होतो. तिसऱ्या भागात तर मेलेली माणसं भुतं म्हणूनच वावरली. 'सुख म्हणजे नक्की काय असतं'ने पुनर्जन्माची वाट घेतली. जयदीप-गौरी गेले आणि पंचवीस वर्षांनी तेच चेहरे अधिराज-नित्या म्हणून आले. काहींना हे ताणल्यासारखं वाटलं. मला स्मृतिभ्रंशापेक्षा पुनर्जन्म परवडतो, त्यात निदान मरावं तरी लागतं.

आणि कधी उलटं होतं. 'ठरलं तर मग'मधली पूर्णा आजी साकारणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेल्या. पात्र जिवंत, माणूस गेलेलं. पुढे ती भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीने उचलली. आत्या टीव्हीसमोर म्हणाली, "ह्यांनी मात्र सुतक कधी धरायचं गं? शूटिंग तर रोजच असतं." रोजचा भाग रोज द्यायच्या त्या कामात रडायलाही सुट्टी नसेल, हे तिला बरोबर कळलं.

आमच्या गावात तर मेलेली बाई दर वर्षी परत येते, आणि सगळं सोलापूर तिच्या लग्नाला जातं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या तपाच्या जागी एक कुंभाराची मुलगी रोज अंगण सारवायची, रांगोळी काढायची. तिने लग्नाचा हट्ट धरला. ते योगी. त्यांनी सांगितलं, माझ्या योगदंडाशी लग्न कर. तोच योगदंड आज नंदीध्वज होऊन निघतो. संक्रांतीच्या सुमाराला सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो मानकरी-भक्त, सिद्धेश्वर मंदिराजवळचा संमती कट्टा. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" कानावर पडलं की हजारो हात वर जातात आणि अक्षता पडतात. "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होमप्रदीपन. बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करतात, तिला मणी-मंगळसूत्र, जोडवी, सौभाग्याचं लेणं चढवतात आणि तिला अग्नी देतात. काल जिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, ती आज जाते. पुढच्या वर्षी पुन्हा अक्षता.

आत्या मला दोन्ही दिवस न्यायची. आईला होमाच्या रात्रीची गर्दी आवडत नसे. लग्न बघितलं, झालं, असं ती म्हणायची. आत्या ऐकायची नाही. काका गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला कुणीतरी तिला सुचवलं होतं, की यंदा अक्षतेला नको जाऊस. ती गेली. मागे, एका कडेला उभी राहिली, पण मूठभर अक्षता टाकल्याच. आणि दुसऱ्या रात्री होमाच्या उजेडात मी तिच्याकडे वळून पाहिलं, तर ती हात जोडून शांत उभी होती. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "परत लग्न लावायचं आहे तर जाळतात कशाला?" ती म्हणाली, "जाळलं नाही तर परत कशी येईल?"

२०२५ च्या जुलैमध्ये 'क्योंकि'चं नवं पर्व आलं, त्याच रात्री साडेदहाच्या वेळेला. आता आम्ही शहराच्या जुळे सोलापूर भागात राहतो. अक्का जाऊन सहा वर्षं झाली. वाडाही पाडला. आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कान बरे आहेत. मी तिला विचारलं नाही, नुसता टीव्ही लावला. तुलसी आली, केसांत रुपेरी बट. आणि मग मिहीर. दुसरा-तिसरा कुणी नाही, पहिलाच. अमर उपाध्याय.

आत्या पुढे सरकली.

"हा तोच का गं?"

"तोच."

"तो मेलेला?"

"हो. तोच."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तो काय बोलतोय याकडे तिचं लक्ष नव्हतं, ती त्याचं तोंड बघत होती. कपाळ, डोळ्यांखालचा भाग, हनुवटी. पंचवीस वर्षांनी भेटलेल्या भाच्याला न्याहाळावं तसं.

"दमलाय गं पोरगा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "अक्काचा थोरला असतो का अजून भिवंडीला?"

"असेल. नंबर होता कुठेतरी माझ्याकडे."

"बघ बरं."

तेवढ्यात नळाला पाणी आलं. चार दिवसांनी आलं होतं, मोटर लावायला मला उठावंच लागलं. टाकी भरून आत आले तेव्हा भाग संपून जाहिराती लागल्या होत्या. आत्याने रिमोट मांडीवर घेतला होता आणि टीव्ही बंद केलेला नव्हता.